विहीर तुडुंब, आणि मोबाईल म्हणतो 'पाणी नाही'

मळेवाला | मंगळ, ११ नोव्हेंबर २०२५, ०९:४२

आमचा मळा संगमनेर तालुक्यात. यंदा सप्टेंबरात पावसाने जो कहर केला त्याने दिवाळी सरली तरी विहिरीचं पाणी वरच्या थरालाच आहे. काठावर बसून तांब्या बुडवावा इतकं.

दोन वर्षांपूर्वी मी हौसेने विहिरीवर मोबाईल स्टार्टर बसवून दिला. पेटीत एक सिमकार्ड. दादा (म्हणजे माझे वडील) घरून रिंग देतात, मोटर चालू होते, चालू झाल्याचा मेसेज त्यांना आणि मला दोघांनाही येतो. आमच्याकडे शेतीची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्री दोनला उठून बॅटरी घेऊन मळ्यात जाणं म्हणजे बिबट्याला आपण होऊन भेटायला जाणं. त्यामुळे पेटीचे पैसे पहिल्याच वर्षी वसूल झाले असं मी सगळीकडे सांगत असतो. सांगत असे.

गेले आठ दिवस गंमत चालू आहे. उन्हाळ कांद्याचं रोप टाकलंय, त्याला पाणी हवंय. मोटर लावली की अर्ध्या मिनिटात बंद, आणि मेसेज: 'ड्राय रन. पाणी नाही. मोटर बंद.' काल दादा विहिरीच्या काठावर उभे राहून मला फोनवर ओरडत होते, "अरे, मी पाण्याकडे बघतोय! त्याला सांग!" कोणाला सांगू? कंपनीचा माणूस म्हणतो रेंज तपासा. रेंज नसती तर तुमचा खोटा मेसेज तरी कसा आला असता, असं विचारलं तर त्याने तक्रार क्रमांक दिला.

इकडे पुण्यात आमच्या फ्लॅटमध्ये गिझर, हॉलचे दिवे आणि दाराचं कुलूप नेटवर आहे. सौ. म्हणतात, "बापाला लावलंस नादी, आता आम्हाला तरी सोड."

तर दोन प्रश्न. एक, यंत्र खोटं का बोलतंय? दोन, तुमच्याकडच्या अशा नेटला जोडलेल्या वस्तूंपैकी खऱ्या उपयोगाच्या किती आणि गळ्यात पडलेल्या किती?

रिकामटेकडा | ०९:५१

शीर्षक वाचून वाटलं चुकून कविता विभागात आलो.

वाकडी_पकड | १०:०५

मोटर अलीकडे भरून (म्हणजे आतली जळालेली वायर बदलून) आणली का? किंवा बदलली?

ओहम_शांती | १०:३८

मळेवाला, यंत्र खोटं बोलत नाहीये. त्याला पाणी दिसतच नाही. विहिरीत सेन्सर सोडलेला आहे का? बहुतेक नसणार. या पेट्या फक्त मोटर किती करंट ओढते ते मोजतात. मोटरच्या वायरीभोवती पेटीत एक छोटं कडं असतं, त्याला सीटी म्हणतात. पंप पाणी उचलत असला की मोटरवर ओझं असतं, करंट जास्त. पाणी संपलं की आतला पंखा रिकामा फिरतो, ओझं उतरतं, करंट पडतो. बसवताना मेकॅनिक पाणी चालू असताना एकदा 'सेट' करतो, पेटी तो आकडा लक्षात ठेवते आणि त्याच्या बरंच खाली गेलं की 'पाणी नाही' असं जाहीर करते.

म्हणजे तुमच्या पेटीला एवढंच माहीत आहे की मोटर नेहमीपेक्षा कमी करंट ओढतेय. 'पाणी नाही' हा तिचा तर्क. आता करंट कमी का? यंदाच्या पुरात जाळीला गाळ, पालापाचोळा, प्लॅस्टिक अडकलं असेल तर पाणी कमी उचललं जाऊन करंट पडतो. फूटव्हॉल्व्ह (पाइपच्या तळाची झडप) असेल तर तो गळत असेल. नाहीतर वाकडी_पकड म्हणतात ते.

मळेवाला | १०:५५

ओहम_शांती, हे कंपनीच्या माणसाने सांगितलं असतं तर त्याचं काय गेलं असतं? ओपनवेल (पाण्यात बुडून राहणारी) मोटर आहे, फूटव्हॉल्व्ह नाही. जाळी बघायला सांगतो. पाहुण्यांचा एक पोरगा पट्टीचा पोहणारा आहे.

वाकडी_पकड, दादांना विचारलं. म्हणाले, "मोटरला काय धाड भरलीय? चांगली चालतीय."

वाकडी_पकड | ११:०२

ते उत्तर नाही झालं.

खटपट्या_बार्शी | ११:४०

आमच्याकडे २०१० च्या सुमारास असल्या पेट्या परवडत नव्हत्या तेव्हा गावातला मोबाईल रिपेअरवाला जुगाड करून द्यायचा. जुना बटणांचा हँडसेट, त्याच्या व्हायब्रेटरच्या दोन वायरी काढून रिलेला (विजेने दाबला जाणारा छोटा स्विच) जोडायच्या, रिले स्टार्टरच्या हिरव्या बटणाला. फोन आला की हँडसेट थरथरायच्या ऐवजी मोटर चालू.

अडचण एकच. फोन कुणाचाही आला तरी मोटर चालू. चुलत्याची मोटर एकदा भर दुपारी आपोआप लागली आणि काढणीला आलेल्या ज्वारीत पाणी. कोणी केलं म्हणून भाऊबंदकी उभी राहायची वेळ आली. शेवटी हँडसेट उघडून बघितला तर कर्ज हवंय का विचारणाऱ्या बाईचे तीन मिस्ड कॉल.

रिकामटेकडा | ११:४४

बँकेचं कर्ज प्रत्यक्ष शेतात पोचल्याचं हे पहिलंच उदाहरण.

सदाशिव_पेठी | १२:१५

धागाकर्त्याची पेटी सिमवर रिंग घेऊन चालते. तिला 'इंटरनेट ऑफ थिंग्ज', म्हणजे इंटरनेटला जोडलेल्या वस्तूंचं जाळं, म्हणता येईल का? हा शब्द केविन ॲश्टन यांनी १९९९ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलमधल्या एका सादरीकरणाला मथळा म्हणून वापरला. त्यांच्यापुढचा प्रश्न होता की दुकानातल्या फळीवरची लिपस्टिक संपली हे कंपनीला कसं कळावं. मालावर आरएफआयडीच्या (रेडिओ लहरींनी दुरून ओळख सांगणाऱ्या) चिप लावायच्या, ही त्यामागची कल्पना. आपल्या गाडीच्या काचेवरचा फास्टॅग त्याच घराण्यातला. त्याआधी १९८२ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या पोरांनी कोकच्या यंत्राला नेटवर्कवर आणलं होतं, बाटल्या आहेत का आणि गार आहेत का ते खोलीतून बघायला. मिस्ड कॉलवर चालणारा स्टार्टर या व्याख्येत बसत नाही.

खटपट्या_बार्शी | १२:२१

बसत नसेल तर उभा राहील, पण रात्री दोनला मळ्यात मी जाणार नाही.

ओहम_शांती | १२:४०

सदाशिवराव, व्याख्येचं सोडा, काम तेच आहे. मोजणारं काहीतरी, ते कळवणारं काहीतरी, आणि दुरून आलेला हुकूम पाळणारं काहीतरी. मधली तार इंटरनेटची की फोनची, हा तपशील. मिस्ड कॉल हा तर शून्य पैशांत पाठवलेला एक बिटचा निरोप. पुण्यातल्या संतोष ओस्तवालांची 'नॅनो गणेश' याच तत्त्वावर उभी राहिली, आणि तिची प्रेरणा म्हणून ते पंप लावायला पायपीट करणाऱ्या आजोबांची आठवण सांगतात. लिपस्टिकपेक्षा हे कारण मला जास्त पटतं.

निशिगंधा | १३:३०

मी तांत्रिक नाही, पण मला नेहमी पडणारा प्रश्न विचारून घेते. माझा दिवा हॉलमध्ये, फोन हातात, दोन्ही एकाच वायफायवर. तरी नेट गेलं की दिवा ॲपवरून लागत नाही. एवढ्या तीन पावलांसाठी नेट कशाला?

ओहम_शांती | १४:१०

कारण बहुतेक स्वस्त दिव्यांत तुमचा फोन दिव्याशी बोलतच नाही. तुम्ही बटण दाबलं की निरोप कंपनीच्या सर्व्हरला जातो, तो मुंबईत असेल नाहीतर सिंगापुरात, आणि तिथून परत तुमच्या हॉलमध्ये येतो.

त्यामागे कारणही आहे. घरच्या राउटरच्या आतल्या वस्तूला बाहेरच्या जगात स्वतःचा पत्ता नसतो. तुम्ही ऑफिसातून थेट दिव्याला फोन लावू शकत नाही. म्हणून दिवाच चालू झाल्याझाल्या सर्व्हरला फोन लावतो आणि रिसीव्हर कानाला लावून बसून राहतो. कोणी काही सांगतंय का, सांगतंय का. मधून मधून 'आहे मी' एवढं म्हणतो. यासाठी बरेच जण एमक्यूटीटी नावाची भाषा वापरतात. ती १९९९ मध्ये वाळवंटातल्या तेलाच्या पाइपलाइनवर उपग्रहातून लक्ष ठेवायला लिहिली गेली. तेव्हा एकेक अक्षर पाठवायला पैसे पडत, म्हणून ती अतिशय मितभाषी. आता तीच आपल्या बेडरूममधले दिवे मालवते.

घरातल्या घरात थेट बोलणारी उपकरणंही मिळतात. २०२२ मध्ये 'मॅटर' नावाचं एक समान मानक आलं, त्यावर चालणाऱ्या वस्तू नेट गेलं तरी घरात चालाव्यात अशी सोय आहे. घेताना दुकानदाराला एकच विचारायचं: नेट बंद करून चालवून दाखव.

निशिगंधा | १४:१८

दुकानदार म्हणेल, मॅडम नेट बंद कशाला करता, चांगलं चालू आहे की.

फ्रीमाँटकर | १९:०५

इथे सकाळ झाली. (सवयीने मीपण दिवे ॲपने लावले.)

ऑक्टोबरात, आपल्याकडे नरक चतुर्दशी होती त्या दिवशी, ॲमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या क्लाउड केंद्रात गडबड झाली. इथे गरम-गार होणाऱ्या, डोक्याकडून वर उचलल्या जाणाऱ्या महागड्या गाद्या मिळतात, एट स्लीप म्हणून. त्यांचा हुकूम क्लाउडमधून येतो. त्या रात्री लोकांच्या गाद्या तापलेल्या राहिल्या, काहींच्या अर्ध्या उभ्या. कंपनीने नंतर नेट नसताना ब्लूटूथवर चालायची सोय दिली म्हणे. इकडची मंडळी अभ्यंगस्नानाच्या आधीच उकडून निघाली.

पण मी या वस्तूंच्या बाजूचा आहे. रत्नागिरीत आई एकटी असते. अंगणात, माजघरात कॅमेरे आहेत. तिथे रात्र झाली की मी बघतो, दार लावलंय, दिवा मालवलाय, मग मला कामात लक्ष घालता येतं. ज्यांचे आईवडील हाकेच्या अंतरावर आहेत त्यांनी याला 'खूळ' म्हणू नये.

कुलकर्णी_काकू | २०:३२

फ्रीमाँटकर, मी त्या कॅमेऱ्याच्या पलीकडची. माझा मुलगा डब्लिनला. वय ७२, गुडघे सोडले तर ठणठणीत. त्यानेही मागच्या मे महिन्यात येऊन हॉलमध्ये कॅमेरा लावला. "आई, तू पडलीस-बिडलीस तर कळेल." हेतू चांगलाच होता, नाही म्हणत नाही.

पंधरा दिवसांनी फोन, "आज दुपारी झोपली नाहीस?" नंतर, "ती कोण बाई आली होती?" अरे, भिशीची होती. नंतर नंतर माझ्या लक्षात आलं की मी स्वतःच्या घरात पदर सारखा करून बसायला लागले आहे. रेडिओबरोबर गुणगुणत असे, ते बंद झालं. कामाला येते ती सुनंदा (नाव बदललंय) एकदा म्हणाली, "काकू, ते डोळं माझ्याकडं बघतंय, मी केर नीट काढते की नाही ते तिकडं दिसतं का?" तिला कुणी विचारलं होतं?

आता मी खुर्ची खांबामागे सरकवली आहे. मुलगा म्हणतो कॅमेऱ्याचा कोन बदलायला हवा. मी म्हणते, हो रे, कुणी आलं की बदलून घेते.

फ्रीमाँटकर | २०:५०

काकू, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आमच्या आईने माजघरातल्या कॅमेऱ्यावर टोपडं घातलंय, 'धूळ बसते' म्हणून. मी आजवर ते खरं धरून चाललो होतो.

ओहम_शांती | २१:२०

काकू, जपानमध्ये झोजिरुशी कंपनीने २००१ मध्ये एक पाणी तापवायची किटली काढली. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने चहाला पाणी घेतलं की त्याची नोंद लांबच्या मुलाला ईमेलने जायची. ना चित्र, ना आवाज. आई उठली, चहा केला, एवढं कळलं की पोरगा निवांत. आपल्याकडे हेच साध्या स्मार्ट प्लगने करता येईल. सकाळी आठपर्यंत किटली लागली नाही तर त्याला सूचना.

कुलकर्णी_काकू | २१:३१

हे चालेल. चहा तर मी घेतेच. पण मी गॅसवर करते हो.

ओहम_शांती | २१:३३

मग फ्रिजच्या दाराला चुंबकाचा सेन्सर लावू. दूध तर काढालच.

भाऊचा_धक्का | बुध, १२ नोव्हेंबर, ०८:१५

स्मार्ट मीटरबद्दल अजून कुणीच कसं काही बोललं नाही?

संपादक | ०८:२०

त्याचा वेगळा धागा आहे आणि तो दोनदा कुलूपबंद करावा लागला आहे. इथे पेटवू नये ही विनंती.

द्राक्षमळा | ०९:४०

दिंडोरीहून लिहितोय. आमच्या प्लॉटमध्ये तीन वर्षांपासून सेन्सरचा खांब आहे. वर छोटी सोलर प्लेट, पाऊस मोजायचं भांडं, हवेचा वेग, तापमान, आर्द्रता. जमिनीत दोन खोलींवर ओलावा मोजणाऱ्या दांड्या. आणि वेलीच्या पानांत एक खोटं पान, पांढरं, तळहाताएवढं. त्यावर दव किंवा पाऊस बसला की खरी पानं किती तास ओली होती ते कळतं. डाऊनी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) येते ती पान ओलं राहण्याच्या तासांवर, त्यामुळे तोच आकडा खरा कामाचा. सकाळी मेसेज येतो, धोका कमी, मध्यम, जास्त.

छाटणीनंतरच्या चाळीस-पन्नास दिवसांत याचा उपयोग होतो. पूर्वी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर फवारणीला निघाला की आपलाही निघायचा. आता मेसेज 'कमी' असला की मी चहा पीत बसतो आणि शेजारी मला आळशी समजतो. बरं वर्ष असेल तर दोन-तीन फवारण्या वाचतात. पाण्याचं तर जास्तच, खालची दांडी ओली असली की ठिबक सोडत नाही.

आता दुसरी बाजू. त्या खोट्या पानावर बोर्डोचा (बुरशीवरच्या फवारणीचा) थर बसला की ते कोरडं असूनही ओलं दाखवतं. महिन्यातून दोनदा फडक्याने पुसावं लागतं, हे विकणारा सांगत नाही. एकदा सलग दहा दिवस पाऊस शून्य आला, बाहेर तर धोधो. पावसाच्या भांड्याच्या भोकात कोळ्याने जाळं विणलं होतं. आणि यंदा? ऑक्टोबर अखेरपर्यंत रोजचा मेसेज: धोका जास्त, धोका जास्त, धोका जास्त. ते मला वर बघूनही कळत होतं. डाऊनीने अर्धा प्लॉट गेला तो गेलाच. खांबाने आगाऊ सांगितलं, पण चिखलात ट्रॅक्टर उतरतच नव्हता त्याला खांब काय करणार.

तात्या_माळेगाव | १०:२५

द्राक्षमळा यांच्याशी सहमत. आमच्या बाजूला बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राने उसात हेच चालवलंय. जमिनीतले सेन्सर, हवामान केंद्र आणि उपग्रहाचं चित्र एकत्र करून शेतकऱ्याला सल्ला. प्रात्यक्षिकाचा ऊस बघून आलो, देखणा होता. पण परत येताना गाडीत सगळे एकच बोलत होते, पाणी किती द्यायचं ते मोबाईल सांगेल हो, पण आपल्या पाळीला पाटाला पाणी कधी येईल ते कोण सांगेल?

वाकडी_पकड | १०:५०

मोबाईल स्टार्टरवाले सगळे इथेच आहेत तर एक सांगतो. लाइट आल्याआल्या आपोआप मोटर लागणारे ऑटो स्विच काढा. फिडरवर लाइट आली रे आली की डीपीवरच्या (म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवरच्या) वीस मोटरी एकाच दमात उठतात. मोटर उठताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. डीपी जळते मग बोंबलत फिरता. महावितरण वर्षानुवर्षं सांगतंय, ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा.

खटपट्या_बार्शी | ११:०५

वाकडी_पकड, बोलायला सोपं आहे. मी ऑटो स्विच काढला आणि बाकीच्या एकोणीस जणांनी ठेवला तर डीपी जळायची ती जळेलच, फक्त तोवरचं पाणी त्यांना मिळेल, मला नाही.

वाकडी_पकड | ११:०९

म्हणून तर मोबाईल स्टार्टर बरा. त्यात उशीर टाकता येतो. लाइट आल्यावर तू चार मिनिटांनी, शेजारी सहा मिनिटांनी. माझ्या गिऱ्हाइकांना मी न विचारता वेगवेगळा टाकून देतो.

ओहम_शांती | ११:१५

वाकडी_पकड, हे ज्याला इंग्रजीत शोधनिबंध लिहून सांगतात ते तुम्ही पान्हा घेऊन केलंत.

चाळीतला_चंदू | १३:५०

आमची सोसायटी, ठाणे. गच्चीवरच्या टाकीला साडेअकरा हजारांचं स्मार्ट लेव्हल यंत्र बसवलं. टाकीच्या झाकणाखाली आवाजाच्या लहरी सोडून पाण्याचं अंतर मोजतं. पहिला महिना मस्त. मग पावसाळ्यात झाकणाच्या आतून वाफेचे थेंब धरायला लागले, सेन्सरच्या तोंडावर एक थेंब लटकला की टाकी 'भरलेली'. खाली नळ कोरडे, ग्रुपवर स्क्रीनशॉट १०० टक्के. सेक्रेटरी म्हणायचे ॲपमध्ये तर पाणी आहे, तुमच्याच नळाला काहीतरी झालं असणार.

आता परत वॉचमन चढून बघतो. यंत्र मात्र चालू आहे, कारण त्याची वर्षाची वर्गणी भरलेली आहे.

रिकामटेकडा | १३:५५

मळेवाल्याच्या विहिरीत पाणी आहे आणि मोबाईल नाही म्हणतो. चंदूच्या टाकीत नाही आणि मोबाईल आहे म्हणतो. दोघांनी ॲप बदलून बघावीत.

भटकी_मांजर | १६:३०

मी सायबर सुरक्षेत आहे, म्हणून रंगाचा बेरंग करते. २०१६ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स काही तास मिळेनासे झाले होते, आठवतंय? 'डिन' नावाच्या कंपनीवर हल्ला होता आणि हल्लेखोरांच्या फौजेत होते घरोघरचे कॅमेरे, डीव्हीआर (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारी पेटी) आणि राउटर. 'मिराई' नावाचा प्रोग्राम नेटवर फिरून अशा वस्तू शोधायचा आणि कारखान्यातून आलेले साठेक पासवर्ड एकामागून एक लावून बघायचा. लागायचाच, कारण कोणी बदललेलाच नसायचा. तो लिहिणारी तीन पोरं होती, आणि त्यांचा मूळ उद्योग होता माइनक्राफ्ट गेमचे सर्व्हर पाडणं.

कॅमेऱ्याच्या मालकाला पत्ताही नव्हता. त्याचा कॅमेरा व्यवस्थित चालू होता. चोर घरात आला असं यात होत नाही हो, तुमच्या घरातून चोर बाहेर निघतो.

आमच्या सोसायटीच्या डीव्हीआरचा पासवर्ड मी सहज म्हणून बघितला. ॲडमिन आणि एक-दोन-तीन-चार-पाच-सहा. बदला म्हटलं तर बसवणारा म्हणाला, मॅडम सगळीकडे तोच ठेवतो, लक्षात राहतो.

सदाशिव_पेठी | १६:४४

आमच्या सोसायटीत आम्ही बदलला. नवीन पासवर्ड लिफ्टमध्ये लावला आहे.

भटकी_मांजर | १६:४६

तुम्ही विनोद करताय असं मी समजते.

सदाशिव_पेठी | १६:५२

समजा.

निशिगंधा | १७:४०

भटकी_मांजर, मग करायचं काय आमच्यासारख्यांनी? सगळं विकून टाकायचं?

भटकी_मांजर | १८:०५

नाही हो. माझ्याही घरी आहेत. पहिल्या दिवशी पासवर्ड बदलायचा. राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय देता येतं, असल्या सगळ्या वस्तू तिकडे ढकलायच्या, लॅपटॉप-मोबाईल मुख्य वायफायवर. अपडेट आला तर टाळायचा नाही. आणि कंपनी बंद पडली तर ही वस्तू काय करेल हे घेतानाच विचारायचं. अमेरिकेत इन्स्टिऑन नावाची घरातले दिवे चालवणारी कंपनी होती, २०२२ च्या एप्रिलमध्ये तिने एके दिवशी न सांगतासवरता सर्व्हर बंद केले. लोकांनी भिंतीवरची बटणं काढून टाकली नव्हती म्हणून बरं.

दाराचं कुलूप मात्र मी नेटवर लावलेलं नाही. मळेवाला, ऐकताय ना?

मळेवाला | गुरु, १३ नोव्हेंबर, २१:१०

ऐकतोय. कुलपाला किल्ली पण आहे, ती शेजारच्या काकांकडे असते.

विहिरीची खबर: पोरगा उतरला. जाळीला सिमेंटच्या गोणीचा तुकडा आणि बाभळीची फांदी अडकलेली होती. काढली. सगळ्यांना आनंद झाला. मोटर लावली. चाळीस सेकंदांत 'पाणी नाही'. दादा म्हणाले, "घे, अजून दहा सेकंद तुझ्या यंत्राला पटलं." शनिवारी मी स्वतः जातोय.

वाकडी_पकड | २१:१५

टाँगटेस्टर (वायरीभोवती धरून करंट मोजायचा चिमटा) घेऊन जा. आणि मोटरच्या पाटीचा फोटो टाक.

फ्रीमाँटकर | शुक्र, १४ नोव्हेंबर, २०:४०

काकू, आज आईशी बोललो. माजघरातला कॅमेरा काढायला सांगितला, अंगणातला राहील. टोपडं धुवून ठेवलंय म्हणाली.

मळेवाला | शनि, १५ नोव्हेंबर, १८:५५

मंडळी, गावाहून लिहितोय, मळ्यातूनच.

टाँगटेस्टर लावला. चार पॉइंट आठ अँपिअर. पेटीत सेट केलेला आकडा सात पॉइंट सहा. मग मी मोटरची पाटी वाचायला दोर ओढून मोटर वर घेतली (मी, पाहुण्यांचा पोरगा आणि गडी). पाटीवर तीन एचपी. आमची पाचची होती.

दादांकडे बघितलं. ते मेथीच्या वाफ्याकडे बघत होते.

झालं असं: नवरात्रात वीज पडली त्यात पाचची जळाली. पाऊस एवढा होता की तेव्हा मोटर लागतच नव्हती. दादांनी ती भरायला टाकली, आणि शेजारच्या आबांकडे एक जुनी तीनची पडून होती ती तात्पुरती सोडली. मला का नाही सांगितलं? "तू लगेच नवी घ्यायला पैसे धाडले असते. तुझं घराचं हप्त्याचं चालूय." पेटी बिचारी गेले बारा दिवस इमाने इतबारे सांगत होती की विहिरीत काहीतरी हलकं चाललंय. मी आणि कंपनी रेंज बघत होतो.

वाकडी_पकड, तुम्ही पहिल्या पंचवीस मिनिटांत विचारलं होतं. पायावर डोकं.

पाणी चालू ठेवून पेटीचं सेटचं बटण दहा सेकंद दाबलं. आता चालतेय. कांद्याच्या रोपाला पाणी पोचलंय, पाट भरून वाहतोय, त्याचा आवाज येतोय तो इथे टाकता येत नाही.

कुलकर्णी_काकू | १९:१०

हप्त्याचं ऐकून वाईट वाटलं. दादांना नमस्कार सांग.

वाकडी_पकड | १९:२०

डोकं राहू दे, रिले बघ. पाचच्या मोटरसाठी स्टार्टरचा ओव्हरलोड (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा रिले) आठ-नऊवर लावलेला असणार. तीनच्या मोटरने सात ओढले तरी तो गप्प बसेल आणि आबांची मोटर जळेल. पाटीवरच्या अँपिअरवर आण. स्क्रू ड्रायव्हरने फिरतो. लाइट बंद करून.

मळेवाला | १९:५८

आठवरच होता! पाटीवर पाच पॉइंट दोन आहे, तेवढ्यावर आणला.

दादांना आत्ता मेसेज वाचून दाखवला, 'मोटर चालू. ४.९'. म्हणाले, "बरं. पाचची भरून आली की परत सेट करायला तुलाच यावं लागंल ना?" म्हटलं हो, बटण दहा सेकंद दाबायचं असतं, तुम्हालाही जमेल. ते म्हणाले, "छ्या, मला कुठलं जमतंय."

पांडुरंग_एकनाथ | रवि, १६ नोव्हेंबर, ०७:१२

नमस्कार, नवीन सदस्य आहे. धागा छान. मोबाईल स्टार्टर कुठला घ्यावा आणि किती रुपयांना मिळतो? आमच्या विहिरीत पाणी नाही.